जुनी शाही मोटार : हौस कीं सोय ?

‘दारीं हत्ती झुलावा’ ही आपल्याकडील वैभवाची जुनी कल्पना. हत्ती विकत घेण्यास जेवढें द्रव्य लागतें त्याहून अधिक तो पोसण्यास लागतें, हें मात्र ती कल्पना बाळगणाराच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. वापरलेल्या शाही मोटारींच्या बाबतींत हल्लीं मध्यम स्थितींतील कुटुंबांवर नेमका हाच प्रसंग येत आहे. नवी असतां पंचवीस-तीस लाखांस विकली जाणारी, लांबरुंद, कातड्याच्या बैठकांची मोटार आठ-दहा वर्षांनीं सहा-सात लाखांस मिळूं लागते. तेवढ्याच पैशांत नवी घ्यावी तर लहानशी गाडी पदरांत पडते. तेव्हां मोह होणें साहजिक आहे. हा मोह सर्वस्वीं त्याज्य आहे असें आमचें मत नाहीं. तो डोळस असावा, एवढ्याकरितांच हा लेखप्रपंच.

आमचें घर धुळें जिल्ह्यांत, शिंदखेडा तालुक्यांतील नरडाणा येथें आहे. तापी खोऱ्याच्या लोहमार्गावरील हें एक स्टेशन. आणि जुना मुंबई-आग्रा रस्ता, ज्यास आतां या टापूंत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ म्हणतात, तोही येथूनच जातो. औद्योगिक वसाहत झाल्यापासून मालमोटारींची वर्दळ अहोरात्र असते. धुळें येथून तीस-पस्तीस किलोमीटर. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गास केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२४ मध्यें मंजुरी दिली असून त्यांत धुळें-नरडाणा हा टप्पाही आहे. परंतु तो मार्ग सिद्ध होईपर्यंत आमच्यासारख्यांस रस्त्याचाच आधार.

घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. वडील बंधु धुळ्यास एका महाविद्यालयांत शिकवितात, सौ. वहिनींची नोकरीही तेथेंच. तीर्थरूप नानांचें वय एक्याऐंशी. हृदयाच्या आणि गुडघ्यांच्या दुखण्यापायीं त्यांना महिन्यांतून तीन-चार वेळां धुळ्यास न्यावें लागतें. म्हणजे रोजची सत्तर किलोमीटरांची रपेट, वर्षाचे सुमारें दोनशें ऐंशी दिवस. जुनी लहान गाडी थकली आणि घरांत नव्या मोटारीची चर्चा सुरू झाली.

या चर्चेंत चिरंजीव पुतण्यानें शाही मोटारीचा पक्ष घेतला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याचें म्हणणें असें कीं अशी मोटार अवजड, भक्कम, सहा-सहा एअरबॅगांची. शिवाय ती आपल्या प्रांतांतच तयार झालेली. हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. मर्सिडीझ कंपनीनें १९९५ सालापासून पुण्यास मोटारी बांधावयास आरंभ केला व २००९ पासून तिचा कारखाना चाकण येथें आहे. औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, शेंद्रा येथें २००१ मध्यें स्कोडा कंपनीचा कारखाना निघाला, व पुढें ऑडीच्या मोटारीही तेथें जोडल्या जाऊं लागल्या. क्रमांक ५२ चाच रस्ता संभाजीनगराहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगांव-धुळ्यावरून आमच्या नरडाण्यास येतो. एकेकाळीं ज्या मोटारी उद्योगपतींच्या बंगल्यांपुढें उभ्या होत्या, त्याच आतां दुसऱ्या-तिसऱ्या धन्याच्या हातीं पडून खानदेशांतील गांवांत दिसूं लागल्या आहेत.

इतकें सांगून पुतण्या थांबता तर बरें होतें. त्यानें मोटारींत करावयाच्या फेरफारांची एक यादीही पुढें केली. स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत बसवावयाची, अठरा इंची रुंद चाकें घालावयाचीं, धुराच्या नळीचा आवाज घुमेल अशी नवी नळी जोडावयाची, काचांवर काळी फीत चिकटवावयाची आणि पुढें प्रखर निळसर दिवे लावावयाचे. सर्वांनीं ती यादी ऐकून घेतली. मग वहिनी शांतपणें म्हणाल्या, “मोटार दिसेल कशी तें तूं सांगितलेंस. नाना तींत बसतील कसे, तें सांग.”

या एका प्रश्नानें चर्चेची दिशा बदलली. मोटारींत फेरफार करणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोल मोजून मिळूं लागलें, तेव्हां मोटारींस कोळशाची भट्टी जोडून तिच्या वायूवर त्या चालविल्या जात. पुढें पेट्रोल परवडेनासें झाल्यावर पुष्कळांनीं आपल्या ॲम्बॅसडर गाड्यांचीं मूळचीं इंजिनें उतरवून त्यांत डिझेल इंजिनें बसविलीं. हे फेरफार अडचणींतून निघाले होते, व ती अडचण त्यांनीं भागविली. आजच्या तरुणांच्या याद्या बहुधा अडचणींतून निघत नाहींत; म्हणून त्या पुढें अडचणी निर्माण करतात.

पहिली अडचण कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील आणि निर्मात्यानें मूळ ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा कोणताही बदल धन्यास करतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवण्यांत आली. काचांविषयीं नियम असा कीं पुढच्या व मागच्या काचेंतून निदान ७० टक्के व बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. आणि वरून काळी फीत चिकटविण्यास सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल २०१२ रोजीं मनाई केली. मोटारीच्या तोंडाशीं लोखंडी कठडा बसविण्याची चाल होती, तीही केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें बंद केली. कारण त्या कठड्यानें पायीं चालणारास अधिक इजा होते आणि एअरबॅगांच्या कामांतही व्यत्यय येऊं शकतो. रंग बदलावयाचा किंवा सी.एन.जी.ची टांकी बसवावयाची तर परिवहन कार्यालयाची परवानगी व नोंद आवश्यक आहे. या सर्वांहून मोठी गोष्ट विम्याची. न कळविलेला फेरफार अपघातानंतर उघडकीस आला म्हणजे भरपाईविषयीं वाद उपस्थित होतो, आणि तो वाद घरावर नको त्या वेळीं येऊन कोसळतो.

यादी अशा रीतीनें निम्मी झाली. मोटार पाहण्याचें काम उरलें. पहिली जी मोटार आम्हीं पाहिली ती दिसावयास देखणी होती. मोतिया रंग, जाड कातड्याचीं नवीं वेष्टनें, आंत अत्तराचा वास. किंमतही माफक. वडील बंधूंनीं विसार देण्याची तयारी केली होती. सुदैवानें आम्हीं बरोबर एका वयस्क मिस्त्रींस नेलें होतें. त्यांनीं आसनावर बसून किल्ली फिरविली आणि समोरच्या दिव्यांकडे पाहत राहिले. पुनः फिरविली, पुनः पाहिलें. मग खालीं उतरून ते एवढेंच म्हणाले, “एअरबॅगचा दिवा लागत नाहीं.”

आम्हांस वाटलें, दिवा लागत नाहीं हें तर चांगलेंच लक्षण. त्यांनीं समजावून सांगितलें तें प्रत्येक घेणारानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. किल्ली फिरवितांच तो तांबडा दिवा क्षणभर पेटला पाहिजे आणि कांहीं सेकंदांनीं विझला पाहिजे. पेटून राहिला तर बिघाड आहे. मुळींच पेटला नाहीं, तर बिघाड लपविण्यासाठीं कोणीतरी तो दिवा बंद केला असण्याचा संभव आहे. संगणकी यंत्र जोडून पाहतां खरें काय तें उघड झालें. मोटारीस पूर्वीं मोठा अपघात झाला होता. त्या वेळीं फुगलेल्या एअरबॅगा पुनः बसविल्याच नव्हत्या, वरचीं झांकणें तेवढीं शिवून-चिकटवून पूर्ववत् दिसतील अशीं केलीं होतीं. ज्या आसनावर नाना बसणार होते त्याच्यासमोर एक पोकळ पेटी होती.

परततांना मोटारींत कोणी फारसें बोललें नाहीं. नाना रोज पुढेंच बसतात. मागें बसलें कीं त्यांना मळमळतें. पुतण्यानें आपली यादी खिशांतून काढून फाडून टाकली, असें आम्हीं म्हटलें तर तें नाटकी होईल. त्यानें ती फाडली नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं मागच्या कोऱ्या बाजूस त्यानें नवी यादी लिहावयास घेतली, आणि तिचें पहिलें कलम होतें, “दिवा पाहणें.”

दुसरी मोटार दीड महिन्यानें मिळाली. रंग साधा करडा. दारावर एक ओरखडा. परंतु पहिल्या धन्यापासूनचीं देखभालीचीं सर्व बिलें जपून ठेवलेलीं. त्या बिलांवरील किलोमीटरांचे आंकडे क्रमानें चढत गेलेले होते, म्हणून मापकाशीं छेडछाड झाली नसावी असा भरंवसा आला. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तिच्या नांवें थकलेला दंड किंवा कर्जाचा बोजा नव्हता. सौदा सहा लाखांस ठरला. फॉर्म २९ व ३० भरून नांव बदलण्याचा अर्ज केला, आणि विमाही चौदा दिवसांच्या मुदतींत आपल्या नांवावर करण्याविषयीं कळविलें. हीं कामें दलालावर सोंपवून विसरूं नयेत. नोंदणीपत्रावर ज्याचें नांव, जबाबदारी त्याची.

धुळ्याहून येतांना वाटेंत सोनगीर लागतें. तेथील तांब्या-पितळेचीं भांडीं खानदेशांत नांवाजलेलीं. भांडें कितीही घाटदार असो, आंतील कल्हई उडाली कीं त्यांत ठेवलेलें ताक कळकतें. आणि कल्हई बाहेरून दिसत नाहीं. जुन्या मोटारीवरचा पहिला खर्च हा असा कल्हईचा असला पाहिजे. आमच्या मोटारीवर तो कसा झाला तें क्रमवार सांगतों.

पहिला मान टायरांचा. टायराच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या मोटारीच्या टायरांवर नक्षी शिल्लक होती, पण रबर वाळून त्यास बारीक चिरा गेल्या होत्या. वैशाखांत तापलेल्या महामार्गावर अशा टायरांचा विश्वास धरणें धोक्याचें. मूळचें माप २२५/४५ आर १७ होतें. निर्मात्यानें याच मोटारीस २०५/५५ आर १६ हें मापही मान्य केलें आहे. दाराच्या खांबावरील चिठ्ठींत तसें लिहिलेलें असतें. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, सुमारें ६३ सेंटिमीटर. त्यामुळें वेगमापक चुकत नाहीं. मात्र रबराच्या कडेची उंची १०१ मिलिमीटरांवरून ११३ होते. ही बोटभरदेखील नसलेली वाढ खड्ड्याचा आघात पुष्कळ शोषून घेते आणि चाकाची कड वांकण्याचें भय कमी करते. पुतण्यास अठरा इंच हवे होते. आम्ही सतरावरून सोळावर आलों. टायरांस ३२ हजार लागले.

दुसरें, थांबविण्याचें साधन. झिजलेल्या ब्रेकच्या तबकड्या व पट्ट्या बदलल्या, ३० हजार. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें व मग तापल्यावर त्यांत वाफ होऊन ब्रेक ऐन वेळीं पोकळ लागतो, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें.

तिसरें, चाकांवरचा झोला. गाडी खालीं आणण्याचा प्रश्नच उरला नव्हता. उलट दहा वर्षांत ती मूळ उंचीवरून दबली होती. नवे शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंगा व रबरी बुशें मूळ मापाचींच घातलीं, ६२ हजार. गतिरोधकावर पोट घासणें बहुतेक थांबलें. उंची वाढविण्यासाठीं स्प्रिंगांखालीं जाड ठोकळे घालण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो आम्हीं मानला नाहीं, कारण त्यानें चाकांचे कोन व दांड्यांवरील ताण बिघडतात.

चवथें, थंडावा. खानदेशचा उन्हाळा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. आमच्याकडील विंधनविहिरींचें पाणी जड. तें रेडिएटरांत वारंवार घातलें कीं क्षारांचा थर बसून वाटा तुंबतात. पूर्वींच्या कोणीतरी तेंच केलें होतें. सर्व धुऊन काढून, नवा पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट व नळ्या घालून, निर्मात्यानें सांगितलेला शीतक शुद्ध पाण्यांत योग्य प्रमाणांत मिसळून भरला, २२ हजार. इंजिनाचें व गियरपेटीचें तेल, गाळण्या, प्लग व पट्टा यांस ३४ हजार, आणि बॅटरीस १३ हजार. महामार्गावरील धूळ ध्यानांत घेतां हवेची गाळणी पुस्तकांतील मुदतीच्या निम्म्या मुदतींत बदलणें आम्ही पसंत करतों.

एकूण खर्च १ लक्ष ९३ हजार, म्हणजे खरेदीच्या जवळजवळ एकतृतीयांश. आमचा ठोकताळा असा कीं हा तिसरा हिस्सा ज्यास सौद्याच्या दिवशींच बाजूस काढून ठेवतां येत नाहीं, त्यानें शाही मोटार घेऊं नये.

आतां नानांचा प्रश्न. बुटक्या मोटारींत गुडघ्यांस वांकून बसावें लागतें आणि उठतांना जोर करावा लागतो. याकरितां पत्रा कापण्याची जरूर पडली नाहीं. पुढचें आसन विजेच्या कळीनें सर्वांत वरच्या उंचीवर व सर्वांत मागें नेऊन ठेवलें; दाराच्या कुलपाच्या कडींत अडकविण्याची एक मजबूत मूठ मिळते, ती आणली. उतरतांना तिच्यावर भार देऊन नाना उठतात व मग मूठ काढून खणांत ठेवतात. आसनावरचीं जाड वेष्टनें मात्र आम्हीं काढून टाकलीं. अनेक मोटारींत बाजूची एअरबॅग आसनाच्या शिवणींतून बाहेर पडते; जाड वेष्टन तिची वाट अडवितें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

दिव्यांबाबत पुतण्यानेंच मार्ग काढला. पुढच्या दिव्यांचीं झांकणें उन्हानें पिवळी व धुरकट झालीं होतीं. तीं घांसून-पुसून स्वच्छ करविलीं, दिव्यांचा रोख नीट लावून घेतला, आणि बल्ब मूळ जातीचेच ठेवले. साध्या दिव्याच्या घरांत प्रखर बल्ब घातला कीं उजेड विखुरतो आणि समोरून येणाराचे डोळे दिपतात. मालमोटारींच्या या रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपविणें म्हणजे आपलेंच मरण ओढवून घेणें होय. त्याच्या हौशीखातर मागें पाहण्याचा कॅमेरा बसविला. तोही नानांच्या खुर्चीपासून मोटार किती दूर आहे हें पाहण्यास उपयोगी पडतो.

दोन गोष्टी प्रामाणिकपणें सांगितल्या पाहिजेत. एक पेट्रोलची. वर्षास सुमारें २० हजार किलोमीटर. लहान गाडी लिटरास वीस देती, ही साडेबारा देते. म्हणजे वर्षास सहाशें लिटर अधिक. लिटरास शंभर रुपये धरले तरी साठ हजार. त्यांत २०२५ पासून देशांत सर्वत्र २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आहे. अशा मिश्रणास अनुकूल सुट्या भागांच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून निघूं लागल्या. त्याहून जुन्या मोटारींच्या इंधननळ्या व रबरी कड्या दरसाल तपासून घ्याव्यात, आणि मोटार महिनोन् महिने टांकी भरून उभी ठेवूं नये. दुसरी गोष्ट सुट्या भागांची. भाद्रपदांत गियरपेटीचा एक लहानसा भाग बिघडला. तो बाहेरगांवाहून येईपर्यंत मोटार एकोणीस दिवस अंगणांत झुलत होती, आणि बंधु व वहिनी एस.टी.नें जात होते. ही दोन क्लचांची आपोआप चालणारी गियरपेटी मोकळ्या महामार्गावर गुणी असते, पण तिच्यांतील कोरड्या क्लचांची जात गर्दींत कासवगतीनें सरकतांना तापते. शहरांत घर असणारानें ती घेण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

मग आम्हांस पश्चात्ताप होतो काय ? नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत, धुक्याच्या सकाळीं, सोनगीरच्या अलीकडे एक मालमोटार दिवे न लावतां आडवी उभी होती. बंधूंनीं ब्रेक दाबला. मोटार सरळ रेषेंत, न घसरतां, दहा हातांवर थांबली. नाना पुढेंच बसले होते. पट्टा त्यांच्या छातीवर करकचून बसला व सैल झाला. कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. नंतर नानांनीं विचारलें, “या टायरांना किती पडले म्हणालास ?” बंधूंनीं सांगितलें, “बत्तीस हजार.” नाना म्हणाले, “आणि त्याच्या त्या नळीला किती पडणार होते ?” मागें बसलेला पुतण्या हंसला, उत्तर त्यानें दिलें नाहीं.

ज्यांस रोज उघड्या महामार्गावर लांबचा प्रवास आहे, घरांत वृद्ध मंडळी आहेत, हाताशीं जाणता मिस्त्री आहे आणि खर्चाचा तिसरा हिस्सा आधींच बाजूस काढतां येतो, त्यांनीं अशी मोटार अवश्य पाहावी. पाहावयास जातांना दिवसाउजेडीं जावें, बिलें मागावीं, आणि किल्ली फिरविल्यावर घाईनें इंजिन सुरू न करतां तो तांबडा दिवा पेटतो कीं नाहीं व पेटून विझतो कीं नाहीं, तें आधीं पाहावें.